चारठाण्याला गेलेलं पस्तान

मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत पाळीपत्रकं बनवतो. कोणत्या चारीला पाणी कधी सुटणार, कुणाच्या रानात किती तास राहणार आणि पुढच्याच्या रानात कधी वळणार, याचा तक्ता म्हणजे पाळीपत्रक. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे म्हणा किंवा मुळात स्वभावच तसा म्हणा, मला तक्ता केल्याशिवाय परभणीहून पूर्णेलासुद्धा जाता येत नाही. गाडी किती वाजता, ती चुकली तर पुढची कोणती, उतरल्यावर रिक्षा मिळेल का, सोबत पाणी किती घ्यायचं, हे सगळं मी आधी कागदावर मांडतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. चिडून म्हणते, पण चूक म्हणत नाही.

माझे वडील, आबा, याच्या नेमके उलटे. आमची मेंढरं आहेत. दिवाळी झाली की कळप घेऊन आबा निघायचे, आणि कुठं जाणार विचारलं तर हात लांब करून दिशा दाखवायचे, गावाचं नाव म्हणून सांगायचे नाहीत. वाटेत एखाद्या शेतकऱ्यानं मेंढरं बसवायला बोलावलं, की तिथं मुक्काम. कळप रात्रभर शेतात बसला की रानाला खत मिळतं आणि मेंढक्याला जेवण मिळतं. चार दिवसांत येतो म्हणून गेलेले आबा पंचवीस दिवसांनी यायचे आणि दारात उभं राहून मायला विचारायचे, भाकरी हाय का. माय भाकरी वाढायची. राग मला यायचा. अजूनही येतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आबांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला. त्यांची एक हाळी होती, घशातून उचलून टाळूवर आपटायची, ती ऐकली की अर्ध्या मैलावरची मेंढरं माना वर करायची. ती हाळी निघेना. कळप ओढ्यापलीकडं जायचा आणि आबा काठी आपटत मागं पळायचे. मी त्यांना परभणीला आणलं, तिथून नांदेडला, तिथून हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात. घशात गाठ निघाली. तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून तपासायला काचेच्या पट्ट्यांवर घेतला, आणि त्या पट्ट्या आमच्याच हवाली झाल्या.

हैदराबादच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. गाठ अजून एका बाजूलाच आहे. आठ-दहा दिवसांत काढली तर अर्धं स्वरयंत्र वाचवून बघता येईल, घोगरा का होईना आवाज राहू शकतो. पलीकडं सरकली तर सगळंच काढावं लागेल, मग जीव वाचेल पण बोलणं संपेल. मी विचारलं, राहील का नक्की? ते म्हणाले, नक्की कसं सांगू, पण मी प्रयत्न करीन. त्यांनी लगेचच्या शुक्रवारची तारीख दिली.

नक्की नसलेलं काही मी कुणाला सांगत नाही. पाणी सुटेल असं नुसतं म्हटलं तरी लोक रात्रभर चारीवर बसून राहतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून आबांना मी एवढंच सांगितलं की ऑपरेशन आहे, शुक्रवारी सकाळी भरती व्हायचं आहे. त्यांनी मान हलवली. काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला बरं वाटलं.

मग मी गावी येऊन तक्त्याला लागलो. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची गाडी, परभणीहून. आमचं गाव चुडाव्याजवळ, आणि हैदराबादची गाडी परभणीहून निघून पुन्हा आमच्याच शिवारावरून जाते. तरी मी परभणीचंच आरक्षण केलं, कारण तिथून खालचा बर्थ मिळत होता आणि गाडी जास्त वेळ थांबते. आबांना हे फार गमतीचं वाटलं. आधी मागं जायचं आणि मग पुढं, असं ते मायला हातवारे करून सांगत होते. मी कागदपत्रांची फाईल केली. रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, योजनेचे अर्ज, आणि एका डबीत काचेच्या पट्ट्या. सगळ्या झेरॉक्सही त्याच फाईलमध्ये, म्हणजे वेगळं शोधायला नको. मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली.

माझ्या तक्त्यात दिशांचा रकाना नव्हता. तो मायनं काढला. गुरुवारी दक्षिणेला जात नाहीत, आजारी माणसानं तर नाहीच. मी म्हणालो, रेल्वेला सांग. ती म्हणाली, रेल्वेला कशाला, पस्तान ठेवू. प्रवासाचा दिवस बरा नसेल तर आदल्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस तेव्हाच घरातून निघाल्यासारखा होतो. त्याला आमच्याकडं पस्तान म्हणतात. एकदा ठेवलेलं पस्तान माघारी घरी आणत नाहीत. ते जिथं आहे तिथून उचलायचं आणि पुढं जायचं.

बुधवारी दुपारी मायनं लाल फडकं घेतलं. त्यात हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ आणि आबांचं एक धोतर ठेवलं. तेवढ्यात आबा आतून माझी फाईल घेऊन आले आणि फडक्यावर ठेवली. बसक्या आवाजात म्हणाले, "हीबी असू दे. म्हंजी इसरायचं न्हाई." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जन्मात पहिल्यांदा हा माणूस माझ्यासारखा विचार करायला लागला, असं मला वाटलं. आबा स्वतः गाठोडं घेऊन शेजारच्या वहिनीकडं ठेवून आले.

गुरुवारी पहाटे अंथरुणात मी ट्रॅक्टरचा आवाज ऐकला आणि कूस बदलून झोपलो. नऊ वाजता, निघायला अजून तीन तास असताना, गाठोडं एकदा बघून यावं म्हणून वहिनीकडं गेलो. तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. दाराला कुलूप. वहिनी आणि तिचा नवरा दर वर्षी ऊसतोडीला जातात. रविवारी जाणार होते. मुकादमाचा ट्रॅक्टर पहाटेच आला आणि ते लेकराबाळांसकट निघून गेले.

मी दगड उचलला. खोटं कशाला बोलू, कुलूप फोडणारच होतो. मायनं हात धरला. पोटासाठी घर सोडून गेलेल्याच्या कुलपाला हात लावत नाहीत, म्हणाली. तोवर नळावरच्या बायांनी सांगितलं की वहिनी ट्रॉलीत बसली तेव्हा लाल गाठोडं तिच्या मांडीवर होतं. रिकाम्या घरात पस्तान ठेवू नये म्हणून नेलं असेल, असं मायचं म्हणणं पडलं. मी त्या बाईला नको नको ते बोललो. तिच्या नवऱ्याचा फोन बंद. पट्ट्यांशिवाय दवाखाना हात लावणार नव्हता, आणि त्या पट्ट्या ऊसतोडीच्या ट्रॉलीत धक्के खात चालल्या होत्या.

त्यात आबा घरी नव्हते. मी बजावूनही ते पहाटे मेंढरांमागं गेले होते. ते आले अकराला. मी ओरडत सगळं सांगितलं. त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि म्हणाले, "गाडी काढ. जिंतूरच्या रस्त्यानं गेलेत ते." त्यांच्या या तडफेनं मला धीर आला. चुलतभावाची मोटारसायकल घेतली, आबांना मागं बसवलं. मायला सांगितलं, परस्पर परभणीच्या स्टेशनवर ये, कपड्यांची बॅग घेऊन. निघता निघता तिनं आम्हा दोघांच्या हातावर दही ठेवलं.

त्या दिवसाचं ऊन अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. परभणी ओलांडायलाच एक वाजला. शहरात सिग्नलला उभं राहून मी मनातल्या मनात नवा तक्ता करत होतो. ट्रॅक्टर ताशी वीसनं गेला असेल, तर एवढ्या वाजता झरी, एवढ्या वाजता बोरी, आम्ही एवढ्या वाजता गाठू, फाईल घेऊन माघारी फिरायला एवढा वेळ. पुढं रस्त्याचं काम चालू होतं. धुरळ्यात दिसेल तो ट्रॅक्टर मी अडवत होतो. सगळ्या ट्रॉल्या सारख्याच. गाद्या, पातेली, कोंबड्यांचा डालगा, वर बसलेल्या बाया. प्रत्येक वेळी मी गाडी उभी करून मान वर करून तोंडं बघायचो आणि आमची वहिनी नसायची. एका ट्रॉलीतली म्हातारी म्हणाली, कुणाला हुडकायलास बाबा? मी गाडी पुढं काढली.

मागं आबा खोकत होते. मधून मधून माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकायचं. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. त्यांनी पस्तानाचा हट्ट केला नव्हता, ती मायची कल्पना. वहिनीनंही नियमच पाळला होता. चिडायला कुणीच सापडेना म्हणून मी ब्रेकवर पाय आपटत होतो.

जिंतूर गेलं तेव्हा सव्वादोन झाले होते. माघारी परभणीला यायला पावणेदोन तास धरले, स्टेशनवर अर्धा तास हाताशी ठेवला, तर काही झालं तरी चारला फिरायलाच हवं होतं. चारठाण्याचा फाटा आला तसा आबांनी माझा खांदा दाबला आणि वळायला सांगितलं. मी म्हणालो, ट्रॅक्टर सरळ गेला असणार.

"फाईल हितंच हाय," आबा म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं तिला, आक्काकडं उतरव म्हणून."

मी गाडी थांबवली. स्टँड लावायचंही भान नव्हतं, दोघं पडता पडता वाचलो. ट्रॅक्टर गुरुवारी पहाटे येणार हे त्यांना बुधवारी सकाळीच वहिनीकडून कळलं होतं. म्हणून फाईल त्यांनी आपल्या हातानं गाठोड्यात घातली होती. ज्या माणसाला कधी पुढच्या मुक्कामाचं नाव सांगता आलं नाही, त्यानं माझ्या तक्त्याच्या पोटात आपला तक्ता केला होता. पस्तान जिथं जाईल तिथं माणसाला जावंच लागतं, हे त्यांनी धरलं होतं. मी रस्त्यावर उभा राहून त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. वडिलांना कुणी बोलू नये असं बोललो. ते धुळीत बघत ऐकत राहिले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, ती चारठाण्यात राहते. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला तेव्हा आबा कळप घेऊन कुठंतरी गेले होते आणि कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निरोप पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. ते दारात आले तेव्हा आत्या म्हणाली, आता कशाला आलास. आबा उंबऱ्यावरूनच माघारी फिरले. त्यानंतर ना ते तिच्या घरी गेले ना ती आमच्या. लग्नंकार्यं झाली, मयती झाल्या, एका मांडवात बसले तरी बोलले नाहीत. आमच्या घरात तो विषयच कुणी काढत नसे.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन. आत्या ओसरीवर बसली होती आणि लाल गाठोडं तिच्याजवळ होतं. वहिनीनं ते देताना सांगितलं असणार, कारण तिला आम्हाला बघून नवल वाटलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. आबा ओसरीच्या कडेला टेकले, तिच्यापासून चार हात लांब. मी आधी गाठोडं सोडलं. फाईल होती, डबी होती, पट्ट्या फुटल्या नव्हत्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, पाऊण तास आहे, काय बोलायचं ते बोलून घ्या.

आज हे वाक्य आठवलं की मला माझीच शिसारी येते. अकरा वर्षांच्या अबोल्याला मी पाळीपत्रकातली पाळी दिली. अमक्या चारीला पाऊण तास.

आत्यानं चहा केला. आबांनी प्यायला, गिळताना मान वाकडी करून. तिनं ते बघितलं आणि नजर वळवली. शेजारच्या घरात कुणीतरी ज्वारी पाखडत होतं, तेवढाच आवाज. साडेतीन झाले. पावणेचार झाले. मला वाटत होतं यांनी आता भांडावं तरी. मी फाईल पिशवीत घातली, गाडीची किल्ली हातात घेतली आणि आबांच्या दंडाला धरलं.

त्यांनी हात सोडवून घेतला. आणि मग माझ्याकडं बघून, एकेक शब्द घशातून खरवडून काढत, बोलले. "असंच आपरेशन झालेल्या पलीकडच्या गावच्या एका माणसाला बघून आलोय मी. नरड्याला भोक पाडलंय त्याच्या. एक शब्द येत न्हाई. माजाबी जाणार हाय आवाज, ठाऊक हाय मला. जायच्या आदी हिच्यासंगं बोलायचं व्हतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणला असतास, आल्यावर बोला. तू मला इचारलंच न्हाई, कुटं कुटं जायचंय म्हणून."

चारला दहा मिनिटं कमी होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आवाज राहू शकतो, आबा, पण आत्ता उठलात तर. एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर ते उठले असते, मला खात्री आहे, कारण त्यांना बोलायचंच होतं. मी आत्याकडं बघितलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती सरकत सरकत त्यांच्याकडं येत होती. चार हातांचं अंतर दोन हातांवर आलं. ती म्हणाली, "लय उशीर केलास रं."

आबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते लहान पोरासारखे रडायला लागले.

मी गप्प राहिलो. का, याचं खरं उत्तर मला आजही देता येत नाही. त्या दोघांच्या मध्ये पडावंसं वाटलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण त्यात रागही होता. मला न विचारता तक्ता बदलला ना, मग भोगा, असं काहीतरी काळं माझ्या पोटात होतं. आणि डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं, हेही होतंच. मी बाहेर येऊन मोटारसायकलवर बसलो. चार वाजले. सव्वाचार वाजले. मायचा फोन आला, स्टेशनवर पोचले म्हणून. मी तिला घरी जायला सांगितलं. साडेसहाला माझ्या डोळ्यांपुढून गाडी परभणीहून सुटली, पूर्णेला थांबली, आमच्या शिवारावरून निघून गेली, आणि आत ओसरीवर त्या घोगऱ्या आवाजाला अजून खंड नव्हता. मधेच आत्या हसली. मी हँडलवर डोकं टेकून रडलो.

जीप करून रात्रीतून हैदराबाद गाठता आलं असतं, हे मला आठ दिवसांनी सुचलं. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात रेल्वेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. आबांच्या जागी मी असतो आणि माझ्या जागी आबा, तर त्यांनी पहिल्या दिसलेल्या वाहनाला हात केला असता.

दवाखान्यानं पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली. मी रोज फोन करून आधीची मागत राहिलो, मिळाली नाही. ते तीन आठवडे आबा आत्याकडंच राहिले. आम्ही हैदराबादला पोचलो तेव्हा नव्या तपासणीत गाठ पलीकडं सरकली होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवारी आलो असतो तर? ते दमलेले होते. म्हणाले, आता त्याचा विचार करू नका.

आबा बरे आहेत. गळ्यावर रुमाल बांधतात, कळप राखतात, हाळीऐवजी पत्र्याचा डबा वाजवतात. आत्या महिन्यातून एकदा येते, दोन दिवस राहते, तीच बोलते आणि ते ऐकतात. गावात कुणी पाहुणा आला की आबा त्याला ती गोष्ट खुणांनी सांगतात. आधी ट्रॅक्टर, मग लाल गाठोडं, मग मोटारसायकल. शेवटी गळ्यावर बोट ठेवतात, मनगटावर घड्याळाच्या जागी बोट ठेवतात आणि हसतात. आवाज जायच्या आत, अगदी वेळेवर पोचलो, असं त्यांना म्हणायचं असतं. मग पाहुण्याला पटावं म्हणून माझ्याकडं बघतात, आणि मी मान हलवतो.